‘आणखी माहिती पाठवा’ असं लिहिणाऱ्यांना

अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या मतदान विभागात २०१३ पर्यंत सेक्शन ५ च्या फायली तपासणाऱ्या सर्व विश्लेषकांना,

स. न. वि. वि.

निर्णयाच्या पत्रावर सही वरिष्ठांची असायची, त्यामुळे तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. निवडणूक कायद्याच्या कामातले आम्ही काही मराठी भाषक ते आज जाहीरपणे मानतो आहोत.

मराठी वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या सेक्शन ५ ने, म्हणजे पाचव्या कलमाने, ठराविक राज्यांना आणि काउंटींना (आपल्या जिल्ह्यांसारखे राज्याचे भाग) एक अट घातली होती. मतदानाच्या नियमात कुठलाही बदल करायचा तर अंमलबजावणीच्या आधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची. ती तिथल्या फेडरल न्यायालयाकडून मिळे किंवा अ‍ॅटर्नी जनरलकडून, म्हणजे तुमच्या न्याय खात्याच्या प्रमुखाकडून. जवळजवळ सगळे दुसऱ्या वाटेने यायचे, कारण वकिलांचा खर्च कमी आणि मुदत ठरलेली, ६० दिवस. २०१३ मध्ये अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, टेक्सास धरून नऊ राज्यं पूर्णपणे आणि इतर काही राज्यांचे भाग या यादीत होते. न्यूयॉर्क शहरातले ब्रुकलिन, ब्राँक्स आणि मॅनहॅटनसुद्धा.

‘कुठलाही बदल’ म्हणजे अगदी कुठलाही. मतदान केंद्र एका शाळेतून दुसऱ्या इमारतीत हलवणं, वॉर्डाची हद्द सरकवणं, शेजारची वसाहत शहरात सामील करून घेणं, निवडणुकीची तारीख बदलणं, सगळं त्यात आलं. आपल्याकडे प्रभागरचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, आणि गडबड दाखवून द्यायची जबाबदारी नकाशा घेऊन सुनावणीला आलेल्या नागरिकावर पडते. तुमच्याकडे पारडं उलटं होतं. बदलामागे भेदभावाचा हेतू नाही आणि परिणामही तसा होणार नाही, हे बदल करणाऱ्याने सिद्ध करायचं. शंका उरली तर तोटा त्याचा.

तुमच्या टेबलावर येणाऱ्या फायलीत काय काय लागायचं, हे नियमांत लिहिलेलंच होतं. नव्या ठरावाची प्रत, जुन्या नियमाची प्रत, दोन्हींतला फरक स्पष्ट शब्दांत, ठराव कोणी कुठल्या अधिकारात केला, बदलाचं कारण, अल्पसंख्य मतदारांवर होणारा परिणाम, आणि बदल अजून लागू केलेला नाही असं निवेदन. हद्दीचा प्रश्न असेल तर आधीचा आणि नंतरचा नकाशा, वंशानुसार लोकसंख्या, मागच्या निवडणुकांचे निकाल. फाइल अडायची ती बहुधा इथेच. नवा नकाशा येई, जुना येत नसे. किंवा लोकसंख्येचा आकडा संपूर्ण शहराचा असे आणि वॉर्डवार तक्ता गायब. कधी कारणाच्या रकान्यात नुसतं ‘प्रशासकीय सोय’.

मग तुम्ही पत्र लिहायचात, आणखी माहिती पाठवा म्हणून. आमच्या मते या कलमाचा खरा जोर त्या पत्रात होता. पूर्ण उत्तर पोचलं की ६० दिवस नव्याने सुरू होत, म्हणजे टाळाटाळ करणाऱ्याचाच वेळ जाई. १९८२ ते २००६ या काळात न्याय खात्याच्या हरकतींनी, म्हणजे मंजुरी नाकारण्याने, ७०० हून जास्त बदल रोखले, हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्याच्या शेजारचा आकडा मात्र क्वचित ऐकू येतो: ८०० हून जास्त प्रस्ताव पाठवणाऱ्यांनी स्वतःच बदलले किंवा मागे घेतले. तिथे हरकत घ्यावीच लागली नाही, प्रश्न विचारणं पुरलं.

कलेराचं उदाहरण बघण्यासारखं आहे. अलाबामातल्या या छोट्या शहराने २००८ मध्ये वॉर्डांची नवी आखणी पाठवली. तपासताना निघालं की शहराने मध्यंतरी १७७ वेळा आजूबाजूची जमीन हद्दीत घेतली होती आणि एकदाही मंजुरी मागितली नव्हती. नव्या नकाशात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या एकमेव वॉर्डातलं त्यांचं प्रमाण सुमारे ७१ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आत येत होतं. तुमच्या खात्याने हरकत घेतली, तरी शहराने निवडणूक घेतलीच, आणि तिथला कृष्णवर्णीय नगरसेवक पडला. प्रकरण न्यायालयात गेलं, पुढच्या वर्षी वेगळ्या पद्धतीने फेरनिवडणूक झाली आणि तोच नगरसेवक परत निवडून आला. कलेराचा बराचसा भाग ज्या शेल्बी काउंटीत येतो, त्याच काउंटीने पुढे हे कलम मोडीत काढणारा खटला लढवला.

मिसिसिपीतल्या किलमायकलने तर नकाशाचाही खटाटोप केला नाही. २००० च्या जनगणनेत गावात कृष्णवर्णीय बहुसंख्य ठरले, त्यांचे उमेदवार मोठ्या संख्येने उभे राहिले, आणि मतदानाला काही आठवडे उरले असताना गोऱ्या नगरमंडळाने २००१ ची निवडणूकच रद्द केली. डिसेंबरमध्ये तुमच्या खात्याने हरकत घेतली. २००३ मध्ये निवडणूक झाली तेव्हा गावाला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला.

सगळं आलबेल होतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७६ च्या बीअर खटल्यानंतर परिणामाची कसोटी एवढीच उरली की अल्पसंख्यांची स्थिती आधीपेक्षा बिघडते का. आधीच वाईट असलेली व्यवस्था तेवढीच वाईट ठेवली तर त्या कसोटीवर ती पास. हे तुम्हालाही टोचत असणार. मंजुरीच्या पत्रात ‘या निर्णयामुळे पुढे दावा लावायला आडकाठी नाही’ अशा अर्थाचं वाक्य असायचं. त्याचा उपयोग लोकांना खटल्यांत झाला.

आणखी एका गोष्टीचे आभार वेगळे मानायला हवेत. तुम्ही नुसत्या कागदावर विसंबला नाहीत. गावातल्या पाद्र्याला, शिक्षिकेला, शाळा मंडळाच्या माजी सदस्याला फोन करून विचारायचात, नव्या केंद्रापर्यंत बस जाते का, ही बैठक होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का. नाव गुप्त ठेवायची सोय नियमांतच होती. छोट्या गावात नोकरी देणारा आणि वॉर्ड आखणारा एकच असू शकतो, तिथे ही सोय नसती तर कोण बोललं असतं?

शेल्बी काउंटीच्या त्या खटल्यात २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, कोणाला मंजुरी लागते हे ठरवणारं सूत्र रद्द केलं. पाचवं कलम पुस्तकात राहिलं, पण ते लागू होईल असं कुणी उरलं नाही. टेबलावरच्या फायली निर्णयाविना परत गेल्या.

तुमची पद्धत मात्र वाया गेलेली नाही. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये स्वतःचा मतदान हक्क कायदा करून ठराविक स्थानिक संस्थांसाठी राज्यपातळीवर पूर्वमंजुरी आणली. तिथे आता जो कारकून प्रस्ताव तयार करेल, त्याला तुमच्या खात्याची जुनी हरकतपत्रं राज्यवार लावलेली न्याय खात्याच्या संकेतस्थळावर सापडतील. त्याने कलेराचं पत्र आधी वाचावं, आणि हद्दवाढीची यादी पहिल्याच पाकिटात घालावी.

आपले ऋणी,
निवडणूक कायद्याच्या कामातले काही मराठी भाषक