आई, तुझं जुनं नाव सापडलं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर कागदपत्रांचा विषय निघाला आणि बाबा एकदम गप्प झाले. फोनवर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

आयर्लंडच्या नागरिकत्वासाठी पाच वर्षं इथे राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. दर वर्षाचे १५० गुण जमवायचे असतात. पगार-कराचा गोषवारा, बँकेची स्टेटमेंटं, विजेची बिलं, प्रत्येक कागदाला ठरलेले गुण. शिकायला आले ते पहिलं वर्ष धरत नाहीत, तरी पुढची वर्षं पुरतात. ती फाइल तयार आहे. अडलंय जन्मदाखल्यापाशी.

बाबा, तुम्हाला आठवत असेल, २०१७ मध्ये पासपोर्ट काढताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावलं होतं. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना आधी जन्मदाखला लागायचाच. तो नियम आदल्याच डिसेंबरात सैल झाला होता. इथे मात्र जन्मदाखलाच हवा.

मामाने आजोळच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. १९९० सालचं पान, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. माझ्या नावाची जागा कोरी आहे, पुढे फक्त 'मुलगी'. आजोबा बारशाआधीच नोंद करून आले असणार. माहिती देणारा म्हणून त्यांची सही आहे, तीच मनीऑर्डरीवर करायचे ती, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं. आणि आईच्या नावाच्या रकान्यात लिहिलंय 'शेवंती'.

आई, तेव्हा तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं होतं. पण पंचायतीत कुणी विचारलं तेव्हा आजोबांच्या तोंडी त्यांनी स्वतः ठेवलेलं नावच आलं. आजी तुला 'शेवू' म्हणायची ते मला इतकी वर्षं लाडाचं वाटत होतं. फोटो मोठा करून मी ती तीन अक्षरं कितीदा तरी वाचली. माझ्या जन्माच्या कागदावर तू तुझ्या माहेरच्या नावाने आहेस, याचा मला फार आनंद झाला. ते नाव बदलून घ्यायचं नाही. दोन्ही नावं तुझीच आहेत एवढंच कागदावर आणायचं.

त्यासाठी कुडाळला तहसील कार्यालयात तुझं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. सोबत तुमची लग्नपत्रिका लावू, त्यात 'चि. सौ. कां. शेवंती' छापलेलं असणार. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या पोथ्यांखाली बघा. आणि मामाला घेऊन ग्रामसेवकांना भेटा, माझं नाव नोंदीत घालायचंय. नाव पंधरा वर्षांच्या आत घालायचं असतं, पण राहून गेलेल्यांसाठी सरकारने मुदत वाढवून दिली होती. आता ती चालू आहे का, ते विचारा. माझा शाळेचा आणि दहावीचा दाखला बरोबर न्या. बाबा, चढाच्या रस्त्याने चालत जाऊ नका, रिक्षा करा.

आता तुम्ही ज्यासाठी गप्प झालात ते. हो, निळा पासपोर्ट परत द्यावा लागेल. आयर्लंडला दोन नागरिकत्वं चालतात, पण आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं आपोआप जातं. मग ओसीआय कार्ड काढायचं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते. त्यावर जन्मभर व्हिसाशिवाय येता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र येऊ शकते, त्यामुळे आपल्या कलमांच्या बागेची काळजी करू नका. पण मला वाईट वाटत नाही असं समजू नका. तुमच्याबरोबर शाळेत जाऊन बोटाला शाई लावून घेतलेली आठवते.

तरी मी हे करतेय ते तुमच्यापासून लांब जायला नव्हे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या इथल्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपली होती आणि नवं हातात आलं नव्हतं. परत यायला मिळेल की नाही, या भीतीने मी निघाले नाही. आई, तू रात्रभर दवाखान्याच्या बाकावर एकटी बसलीस आणि मी इथे फोन धरून. ते मला आजही सहन होत नाही. नागरिकत्व मिळालं की चार महिने तुमच्याजवळ राहिले तरी इथला माझा हक्क सुटणार नाही.

अर्जात देशाबाहेर गेलेला प्रत्येक दिवस लिहावा लागतो. अर्जाआधीच्या वर्षात ७० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. पासपोर्टवरचे शिक्के बघत तक्ता केला. पाच वर्षांत तुमच्याकडे मिळून ९४ दिवस. मांडणी चुकली असेल म्हणून पुन्हा मोजले, तेवढेच आले.

इथल्या लोकांना मी सिंधुदुर्गातली म्हटलं की वराड सांगावं लागतं. लिओ वराडकर इथले पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातलं, हे ऐकून ते माझ्याकडे जरा आपुलकीने बघतात. २०१९ मध्ये ते वराडला आले तेव्हा बाबा, तुम्ही वर्तमानपत्राचं कात्रण जपून ठेवलं होतंत. ट्रंकेत ते दिसलं तर त्याचाही फोटो पाठवा.

पत्रिका सापडली की मूळ प्रत कुणाला देऊ नका, आधी फोटो पाठवा. गणपतीला येतेय, अकरा दिवस. ते ७० मध्ये धरून ठेवलेत.

तुमची,
बाय