आईच्या नावाला मी होकार दिलाय

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर आई मध्येच "बरं, ठेव आता" म्हणेल, म्हणून लिहितेय. बाबा, चहा झाल्यावर तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा.

काल ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांचा फोन आला होता. ३१ मेच्या अहिल्यादेवी होळकर पुरस्काराला गावातून दोघींची नावं निघालीत, त्यात आई तुझं आहे. आणि "एखाद्या तरण्या सुनेला द्या, माझं काय आता" म्हणून तू त्यांना परत पाठवलंस. मी त्यांना सांगितलं, नाव राहू द्या, आई येईल. तुला न विचारता सांगितलं. रागावलीस तर रागव, पण आधी सगळं ऐकून घे.

शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि पाचशे रुपये. तेवढ्यासाठी मी हट्ट धरत नाहीये, हे तुला कळतं. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या ते टीव्हीवर बघताना तुझी तव्यावरची भाकरी करपली होती. "आपल्यासारखीच बाई गं," असं तू चारदा म्हणालीस. दिल्लीपर्यंत अशा एखाद्याच पोचतात. बाकीच्यांचं काम त्यांच्या गावालाच ठाऊक असतं, मग ते गावानेच बोलून दाखवायला नको? २०२३ पासून सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीला हे करायला सांगितलंय, महिला आणि मुलांसाठी झटणाऱ्या गावातल्या दोन बायका. तुझ्याइतकं त्यात बसणारं दुसरं कोण आहे, तूच सांग. खालच्या आळीतल्या त्या पोरीचं नववीत ठरलेलं लग्न तू मोडलंस म्हणून तिच्या घरच्यांनी दोन वर्षं आपल्या दारावरून जाणं सोडलं होतं. आज ती नर्सिंग करून साताऱ्यात नोकरीला आहे आणि दिवाळीला आधी तुझ्या पाया पडते, मग घरी जाते.

तू नाही का म्हणतेस ते मला माहीत आहे. त्या मागच्या सत्काराचं तुझ्या मनात आहे. इरकली नेसून तीन तास उन्हात बसवलं आणि शेवटी वेळेअभावी नुसती नावं वाचली. घरी येताना तू म्हणालीस, "कार्यक्रम चांगला झाला." बाबा त्या रात्री जेवले नव्हते. या वेळी तसं होणार नाही. मी भाऊसाहेबांकडून कबूल करून घेतलंय: कार्यक्रम सकाळी नऊला, शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत, आणि सत्कार भाषणांच्या आधी. हातांची खुर्ची ठेवायला सांगितलीय म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. पायऱ्या चढायच्या नाहीत. पाण्याची बाटली मी जवळ ठेवीन.

खरं कारण वेगळंच आहे, आई. मी कितीतरी वर्षं तुझ्या या कामावर रुसून होते.

माझ्या दहावीच्या भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री तू धाकट्या काकूंच्या शेजारणीला घेऊन जीपने गेलीस, ती अडली होती म्हणून. सकाळी बाबांनी वेणी घालून दिली, एक वर, एक खाली. पेपरभर मी रडवेली होते. तू दुपारी आलीस, अंगावर कालचंच लुगडं, आणि मला जवळ घेऊन म्हणालीस, "मुलगी झाली." मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि मला ताई म्हणते.

नंतर २०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा, तीन तालुक्यांत सुरू झाली आणि त्यात आपलं कोरेगाव होतं, तेव्हा मी चार दिवस सुटीवर आले होते. ४५ दिवस तू पहाटे पाचला डोंगरावर. पहिल्या आठवड्यात पुरुष पारावर बसून बघत होते, तू नि सात बायका सीसीटी, म्हणजे पाणी मुरवायचे डोंगरउतारावरचे चर, खणत होता. जुन्या लुगड्याची चुंबळ, डोक्यावर मातीची पाटी, आणि रात्री तू फोडांवर हळद-तेल लावून हात उताणे ठेवून झोपायचीस. झोपेतसुद्धा मूठ मिटवत नव्हती तुला. मी तेव्हा काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "बक्षिसासाठी एवढं?" ५० लाखांचं पहिलं बक्षीस वेळूला गेलं, आपल्याला काहीच नाही. आणि पहिला वळीव झाला तसे तुम्ही दोघं छत्री घेऊन चर भरलेत का ते बघायला गेलात. बाबा घसरले, तरी हसत आले.

ते शब्द मला परत घेता येत नाहीत. म्हणून मी होकार दिला.

आता नीट ऐका. आदल्या दिवशी पुरणाचा घाट घालायचा नाही, मी येताना सगळं घेऊन येतेय. बीपीची गोळी सकाळी सातलाच घ्यायची, कार्यक्रमानंतर नाही. बाबा, तुम्ही उपाशी राहू नका, साखर उतरते; बिस्किटाचा पुडा खिशात असू दे. डोळ्यांचे थेंब चुकवताय असं धाकट्या काकू म्हणाल्या. आई, इरकलीच नेस. ती पेटीत खाली गेली असेल तर वाकून काढू नकोस, मी काढीन. दोन शब्द बोलायला लावले तर त्या सातजणींची नावं घे, त्यांतल्या दोघी आता राहिल्या नाहीत. एवढं बोललीस तरी पुष्कळ.

आणि अजूनही मनातून नकोच वाटत असेल तर शनिवारी रात्री मला सांग. मी सकाळी भाऊसाहेबांकडे जाऊन येईन, तुला त्यांना तोंड द्यावं लागणार नाही. पण आधी इरकली नेसून बघ एकदा.

शनिवारी दुपारच्या एसटीने निघते. फाट्यावर घ्यायला येऊ नका बाबा, अंधार होतो.

तुमची,
ताई