चष्मा मागणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले आभार मानायला बसलो की पहिल्या रुग्णालयातले बोलच आधी आठवतात, म्हणून ते अगोदर लिहून मोकळा होतो. चोर्ला रस्त्यावरच्या अपघातानंतर बेळगावातल्या एका मोठ्या रुग्णालयात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पुढे त्याने डोळेही उघडले. त्या शस्त्रक्रियेला मी नावे ठेवणार नाही. परंतु नंतर राउंडला येणारे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून इंग्रजीत एक हाक मारत, छातीवर मूठ रगडून पाहत, तक्त्यावर आकडा लिहीत आणि पुढच्या खाटेकडे वळत. ‘डोळे उघडे असले तरी आत कोणी नाही, घरी न्या,’ हे त्यांनी भावजयीला भावाच्या उशाशीच सांगितले.

त्या आकड्याचा अर्थ आपण मला समजावून दिलात. रुग्णाची शुद्ध किती हे मोजणारे ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून वापरात आहे, त्यात ३ ते १५ गुण देतात आणि अपघातानंतरच्या पहिल्या तासांत, दिवसांत त्याचा उपयोग मोठा. मात्र त्यात डोळे उघडतात का एवढेच बघतात, ते डोळे कशामागे फिरतात का हे बघत नाहीत, आणि गळ्यात नळी घातलेल्या माणसाचे बोलणे तर तपासताच येत नाही. मी आयुष्यभर मराठी शाळेत पेपर तपासले. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे गुण कापू नयेत, एवढे मला कळते.

आपण मात्र आल्याबरोबर विचारलेत, ‘काकांना चष्मा होता का?’

होता. जवळचे त्याला चष्म्याशिवाय धूसरच दिसते. तोवर कितीतरी जणांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली होती, पण हा प्रश्न कोणाच्याही तोंडून आला नव्हता. अपघातात एक चष्मा फुटला होता, दुसरा खानापूरला घरी होता. पुतण्या मोटरसायकलवरून तो घेऊन येईपर्यंत आपण तपासणी थांबवलीत. आल्यावर तो नळाखाली धुतलात, आपल्या रुमालाने पुसलात, पट्टीने सोललेल्या कानामागे काडी टोचू नये म्हणून कापसाची घडी ठेवलीत आणि ‘काका, चष्मा घालते हं’ असे सांगून, क्षणभर थांबून, मगच तो त्याच्या डोळ्यांवर चढवलात. इतक्या दिवसांत त्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वी त्याला सांगणारे डॉक्टरांपैकी आपण पहिल्याच. मग त्याच्या चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूहळू बाजूला नेलात, आणि त्याची नजर त्याच्याच प्रतिमेमागे गेली. भावजय दारातच खाली बसली.

आपण लगेच शाबासकी दिली नाहीत, हे मला विशेष वाटले. अशा रुग्णांची जाग तासातासाला बदलते, म्हणून सकाळी, संध्याकाळी, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आलात. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवशी तसेच लिहिलेत. आपली मायबोली कन्नड, तरीही घरात त्याला कोण कशी हाक मारते हे विचारून ‘हात वर करा’सारख्या सूचना भावजयीकडून मराठीतच द्यायला लावल्यात. दुकानांच्या पाट्यांवरून डोकी फोडणाऱ्यांनी त्या वेळी खोलीत उभे राहायला हवे होते, असे मनात येऊन गेले.

चूक एकट्या आमच्या नशिबी आलेली नाही, हेही आपल्यामुळेच कळले. बेल्जियममधला जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात भान नाही असे डॉक्टरांनी एकमताने ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत नेमून दिलेल्या, बारकाईच्या चाचणीने भानाच्या खुणा आढळल्या. पुढे २०२४ साली, सांगितलेले काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना ऐकून काम करत असल्याचे स्कॅनवर किंवा ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावर) दिसले. ती यंत्रे आणि ते जाणकार आपल्याकडे जागोजागी नाहीत, हे मान्य; पण आरसा न्हाव्याच्या दुकानातही मिळतो.

या काळात मला, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची फार आठवण झाली. त्या आपल्याच कर्नाटकातल्या, हळदीपूरच्या. त्यांना भान किती आणि दयामरण द्यावे का, हा वाद २०११ साली सर्वोच्च न्यायालयात लढवला गेला, परंतु मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्या निकालाची वाट न पाहता १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांना आपले माणूस म्हणूनच सांभाळले. आपण त्या परिचारिकांच्या जातकुळीतल्या आहात.

नजर फिरली म्हणजे माणूस उद्या उठून शेतावर जाईल असे नव्हे, हेही आपण स्पष्ट सांगितलेत, आणि आम्ही त्याच हिशेबाने चाललो आहोत. तो अद्याप बोललेला नाही. मात्र आता त्याला दुखते असे समजून औषध देतात, व्यायाम करून घ्यायला माणूस येतो, आणि घरातले जमिनीच्या वाटणीचे बोलणे त्याच्या खोलीत कोणी काढत नाही. चष्मा सकाळी तोंड पुसल्यावर लावतो, रात्री काढतो.

आपल्या अहवालाची एक प्रत मी पहिल्या रुग्णालयाला रजिस्टर्ड टपालाने पाठवली आहे. पोहोचपावती आली, उत्तर अजून आलेले नाही.

आपला कृतज्ञ,
रुग्णाचा थोरला भाऊ,
खानापूर तालुका