पुढच्या खोलीचा रंग थांबवा

ती. आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या खोलीला रंग लावायचं तूर्त थांबवा. फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे. दवाखाना मी शहाद्याला काढते आहे. जागेचा करार झाला आणि तपासणीचं टेबलही सांगून ठेवलं. खोली तुम्ही माझ्या दवाखान्यासाठी रिकामी केलीत, आत्याच्या पेट्या माळ्यावर चढवल्यात, हे ठाऊक आहे मला. ते वाया गेलं असं मनात आणू नका. ती खोली आईला लागणार आहे. कशी, ते पुढे सांगते.

"हाई पोर काय करी ऱ्हायनी?" असं आई म्हणत असेल. आई, आपल्या अमळनेरला कुणाची कंबर धरली तर दाखवायला जागा आहेत, दारात रेल्वे आहे, धुळं-जळगाव हाताशी आहे. धडगाव, तोरणमाळकडचा माणूस घाट उतरून शहाद्याला येतो तोवर दुखणं जुनं झालेलं असतं. आणि त्याचं सगळं कामच कमरेवरचं. ऊसतोडीत आखूड दांड्याच्या कोयत्याने दिवसभर बुंध्याशी वाकायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर बायका जमिनीवर बसून देठ खुडतात, तासन्‌तास एकाच बैठकीत. त्यांना मलमाची बाटली आणि पट्टा देऊन काही होत नाही. पट्टा बांधला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग तो सोडवत नाही आणि हालचाल करायचीच भीती बसते. त्यापेक्षा ऊसवाल्याला एवढं एकच पक्कं शिकवायचं: वाकलेलं असताना कंबर वळवायची नाही, पाय वळवायचे. मिरचीवालीला ढुंगणाखाली वीतभर उंचीचा पाट द्यायचा आणि अर्ध्या तासाने उठून उभं राहायला, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे वाकायला सांगायचं.

नाना, तुम्ही विचारलं होतंत की फिजिओथेरपी झाल्यावर पुन्हा बाहेरदेशी जाऊन कायरोप्रॅक्टिक कशाला. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणका हाताने मोकळा करणं. दिसतं सोपं. डॅनियल डेव्हिड पामरने १८९५ मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्टला ही विद्या सुरू केली तेव्हा तिच्या नावावर नको ते दावेही झाले. मणका बसवला की सगळे रोग जातात, असं म्हणणारे अजून भेटतात. मी तसं म्हणणार नाही. कंबर, मान, त्यातून उठणारी काही डोकेदुखी, एवढ्यापुरतंच माझं काम. साखर, दमा, पोट यांसाठी डॉक्टरांकडेच जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये शिक्षणाची किमान मर्यादा घातली: नव्याने शिकणाऱ्याला ४२०० तास, आधी वैद्यकीय शिक्षण झालेल्याला २२०० तास, आणि दोघांनाही त्यातले १००० तास शिक्षकाच्या नजरेखाली रुग्ण तपासून. एवढे तास का, तर कुठे हात लावायचा नाही हे कळायला. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकचा वेगळा कायदा नाही, म्हणून पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' लिहीन, नोंदणी क्रमांकासकट. दुसरं काही नाही.

'कट्ट' असा जो आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्याचा दाब एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असं नाही, आणि आला म्हणून बरं झालं असंही नाही. उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय लावतात. तरण्या माणसाची साधी चमक त्याने सुटलीही असेल, ती बहुतेक वेळा सहा आठवड्यांत आपोआपच ओसरते. पण ठिसूळ हाडाच्या म्हातारीला तोच पाय बसला तर मणका चेपतो. मावशीआजीचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पहिल्या भेटीला पाऊण तास राखून ठेवला आहे, आणि त्यातला निम्मा नुसता विचारपूस करण्यात जाणार. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलं का (मणक्याचा क्षय असाच येतो), कुठे पडलात का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर, लघवी तुंबलेली किंवा नकळत होणारी, पावलात जोर नाही, यातलं एक जरी असलं तरी हात न लावता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहायचं, पाय सरळ उचलून पाहायचा, गुडघ्याचे आणि घोट्याचे झटके तपासायचे. एवढं निर्धास्त निघालं की मगच टेबल.

सातपुड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पावरा, भिल्ल घरांतला तरुण पोरगा कंबर आणि जांघ दुखते म्हणून येतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटून हाड मरतं, आणि तोच पाय ओढला-पिळला तर नुकसान कायमचं. पाय आत वळवताना दुखत असेल आणि वळतच नसेल, तर आधी रक्ततपासणी आणि खुब्याचा एक्स-रे. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. तिथे नेऊन पोचवणं हेच त्या दिवसाचं काम समजायचं.

शिबिरांबद्दल नानांना राग आहे, आणि तो बरोबर आहे. मंडप, हार, फोटो, गोळ्या, आणि पुन्हा कुणी फिरकत नाही. मी शिबिर घेणारच नाही. एक गाव, महिन्यातला एकच ठरलेला बाजाराचा दिवस, पावसाळ्यातही, आणि प्रत्येकाच्या नावाचं पान असलेली वही. गेल्या खेपेचा माणूस आला नाही तर आशाताईकडून निरोप. आशाताईंना आणि दोन-तीन पोरींना मी वरची प्रश्नावली आणि ओझं उचलायची रीत शिकवणार. मणका मोकळा करणं मात्र नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. अर्धवट शिकलेला हात सगळ्यात वाईट. बाकीचे दिवस शहाद्यात फी घेऊन काम. भाडं, मदतनिसाचा पगार आणि घाटाचं पेट्रोल त्यातूनच निघायला हवं, म्हणजे डोंगरातला दिवस कुणाच्या देणगीवर अडणार नाही. फीचा कागद भिंतीवर असेल. वीस-पंचवीस बैठकांचं पॅकेज कुणाच्या गळ्यात मारणार नाही. चार ते सहा बैठकांत फरक पडला नाही तर माझा अंदाज चुकला असं धरून पुढे पाठवायचं. नाना, हिशेबाची वही तुम्हीच तपासा, मला तेवढाच धीर.

मी लांब नाही. दोंडाईच्यापर्यंत रेल्वे, तिथून सारंगखेड्यावरून बस. रविवारी घरी. आखाजीला आणि कानबाईच्या रोटांना तर येणारच, आई, मांडे भाजताना तुझ्या पाठीशी बसायला मला अजूनही तीच जागा लागते. शहाद्याला जेवणाची आबाळ नाही, खाली राहणाऱ्या काकू कळण्याची भाकरी देतात. तुझ्या हातचं भरीत मात्र डब्यात देत जा.

आता पुढची खोली. आईने जिना चढणं बंद. तिची खाट खाली आणायची. सुतळी सैल झाली आहे ती आवळून घ्या, नाहीतर सरळ फळीचा पलंग आणि कापसाची गादी. उंची गुडघ्याएवढी, बसल्यावर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. शेजारच्या मोरीत कमोड आणि भिंतीला पकडायला दांडा, गवंड्याला मी सांगितलं आहे, पैसे दिले आहेत. रात्री तिथे दिवा चालू राहू द्या. आई, भरलेली बादली तू उचलायची नाही. उचलताना पाठीत कळ आली तर तेल लावून चोळून घ्यायचं नाही, कुणाला पाय लावू द्यायचा नाही, त्याच दिवशी एक्स-रे. हाडांच्या घनतेची तपासणी करायला पुढच्या महिन्यात मी नेते.

नाना, दाढीला गेल्यावर मान मोडून घेणं आजपासून बंद. राग मानू नका, पण मानेला तसा झटका बसला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते. हे मी स्वतःसुद्धा तुमच्यावर करणार नाही. मान आखडली तर गरम पाण्याचा टॉवेल दहा मिनिटं, मग हळू डावी-उजवीकडे. प्रेशरची गोळी घेता, तेव्हा सकाळी एकदम उठायचं नाही: कडेवर वळा, पाय खाली सोडा, मिनिटभर बसा, मग उभे राहा. प्रेशर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. रविवारी मी आले की आधी ती वही पाहणार.

गवंडी मंगळवारी येईल. दांडा त्याच्या मनाने नको, आईला कमोडच्या जागी बसवून तिचा हात सहज पोचेल तिथे खूण करून घ्या.

तुमची,
ताई