काउन्सेलरकडे गेलो तर घरी फोन जाईल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की 'मुलांनो, मन मोकळं करा' असे लेख सगळीकडे येतात, चांगलेच असतात, पण आमचं घोडं अडतं कुठे ते त्यात नसतं. मी हॉस्टेलला राहतो. डिप्रेशन, एन्झायटी हे शब्द इथे सगळे सर्रास वापरतात, लाज आता तेवढी राहिलेली नाही. भीती वेगळीच आहे. काउन्सेलर मॅडम एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगतील का, घरी फोन जाईल का, हॉस्टेल सोडायला लावतील का, प्लेसमेंटला नडेल का. आमच्याकडे तर काउन्सेलिंगच्या फॉर्मवर आधी एचओडींची सही लागते आणि वर 'कारण' असा रकाना! ज्याला रात्र रात्र झोप नाही, जगायचंच कशाला असं ज्याच्या डोक्यात चाललंय, तो तिथे काय लिहिणार? डोकेदुखी लिहितो, नाहीतर फॉर्मच घेत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती सांगता येते, आणि ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणती गोष्ट बाहेर जाणार, कोणाकडे जाणार, हे मुलाला बोलायच्या आधी कळलं पाहिजे ना. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना काउन्सेलर नेमायला सांगितलं. नेमणूक होईल हो, कागद रंगवण्यात आपण हुशार आहोत, पण अटेंडन्स आणि मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याच केबिनशेजारी काउन्सेलर बसवला तर तिकडे कोण फिरकणार?

शिवाय काउन्सेलर पाचला घरी जातात आणि खरा त्रास सुरू होतो रात्री. तेव्हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या मजल्यावर विचारलं तर बहुतेकांना माहीतच नव्हता, मेसच्या थकबाकीची नोटीस मात्र प्रत्येक दारावर! आणि रूममेटचं वागणं वेगळं वाटलं तर 'जीव द्यायचे विचार येतात का' असं सरळ विचारावं, विचारल्याने ते डोक्यात भरतात हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फोन लावून द्यायचा, सोबत डॉक्टरकडे जायचं. 'कोणाला सांगू नको' अशी शपथ घातली तरी अशा वेळी ती मोडायची, मैत्री नंतर सांभाळता येईल.

कॉलेजांनी एवढं तरी करावं, फॉर्मवरचा तो रकाना आणि एचओडींची सही काढून टाकावी, आणि काय गुप्त राहील, काय नाही, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून ॲडमिशनच्या वेळीच मुलांना आणि पालकांना दोघांनाही द्यावं.

आपला,
एक विद्यार्थी
(कृपया नाव छापू नये)