वाट वाकडी करून येणाऱ्यासाठी फाट्यावर एक पाटी लावा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पडक्या मंदिरांपर्यंत एकट्याने पोचणारे प्रवासी आणि आवारात विखुरलेले कोरीव दगड

सन्माननीय महोदय,

सिन्नरला एसटी बदलायला उतरलेल्या माणसाच्या हाताशी दोन तास असतात आणि तो गोंदेश्वराकडे चालू लागतो. अजिंठ्याला निघालेला कोणी अन्व्याचे नाव ऐकून मधेच वळतो. भंडारदऱ्याला आलेला अमृतेश्वरासाठी रतनवाडी गाठतो. पाठीवर सॅक, सोबत कोणी नाही, आधी ठरवलेले काही नाही. अशा वाट वाकडी करून येणाऱ्या माणसाचा विचार पर्यटनाच्या आराखड्यात होत नाही. आराखडा होतो तो बसने येणाऱ्या गटासाठी : कमान, पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. त्यातून एकट्याची सोय होत नाही आणि मंदिराचे नुकसान होते. आमची मागणी सुशोभीकरणाच्या आधीची आणि त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. फाट्यावर पाटी आणि पडलेल्या दगडांना क्रमांक, ही दोन कामे आधी करा.

पाटीचे आधी सांगतो. आज फाट्यावर बहुधा गावाचे नाव असते, मंदिराचे नसते. मोबाइलच्या नकाशावरची खूण पुष्कळदा गावठाणाच्या मध्यावर किंवा त्याच नावाच्या नव्या देवळावर असते, कारण ‘महादेव मंदिर’ या नावाची देवळे एकेका गावात दोन-दोन असतात. म्हणून पाटीवर सरकारी दप्तरातले नाव हवे आणि त्याखाली गावकऱ्यांच्या तोंडचे नाव हवे. वाट विचारायची तर गावकऱ्यांच्या तोंडचेच नाव उपयोगी पडते. मग अंतर : गाडीरस्ता किती, बांधावरची पायवाट किती, मधे ओढा आहे का आणि पावसाळ्यात तो ओलांडता येतो का. पिण्याचे पाणी कुठे मिळेल. मोबाइलची रेंज कुठे तुटते.

आणि परतीची शेवटची एसटी. परक्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथे होते. संध्याकाळची गाडी आहे एवढे त्याला कळते, पण ती मुक्कामी आहे, रात्री गावातच थांबून पहाटे सुटते, हे कोणी सांगत नाही. वेळापत्रक बदलत असते, म्हणून वेळांची पट्टी वेगळी, स्क्रूने बसवलेली असावी. वेळ बदलली की तेवढी पट्टी बदलायची.

स्वच्छतागृह, सॅक ठेवायची जागा, वाहनतळ हेही फाट्याजवळच घ्यावे. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित (परवानगीनेच बांधता येईल असे), असे 1958 च्या केंद्रीय स्मारक कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ठरले. तीनशे मीटरच्या आत काही उभारायचे म्हटले की परवानगीचा प्रश्न येतो आणि काम रखडते. राज्य संरक्षित आणि असंरक्षित जागांनाही हेच अंतर पाळले तर बिघडणार काहीच नाही.

मंदिराशी लावायच्या फलकावर सध्या नुकसान केल्यास होणाऱ्या शिक्षेचा मजकूर असतो. तो असू द्या. पण सोबत मंदिराचा तळविन्यास, म्हणजे जमिनीवरचा नकाशा, हवा : मुखमंडप, सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गर्भगृह यांमधला भाग), गर्भगृह, आणि त्यातला कोणता भाग आज उभा आहे. ‘हेमाडपंती’ एवढ्या एका शब्दावर भागवू नये. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा आहे. दोनशे वर्षे आधीच्या देवळाला मंत्र्याचे नाव चिकटवून आपण ते बांधणाऱ्या शिलाहार राजांचे काम पुसून टाकतो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभा राहणारा नवखा माणूस वरचे उघडे वर्तुळ पाहून छत कोसळले असे समजतो. ते गोल आकाश मूळ रचनेतले आहे, हे एका ओळीत सांगता येते.

धोक्यांची सूचना ठळक असावी, कारण एकट्याला पाय मुरगळला तरी मदतीला कोणी नसते. छज्ज्याखाली आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि ड्रोन यांनी ते उठते. पोळे कुठे आहे ते दर मोसमात पाहून सूचना बदलावी लागते. पावसाळ्यात जोत्याच्या कडेवर शेवाळ धरते आणि दगडांच्या फटींत साप असतात. आडव्या तुळईला मधोमध खालून वर जाणारी चीर दिसली तर तिच्याखाली कोणी थांबू नये. दगड दाब झेलतो, ताण झेलत नाही. ती चीर ताणाची असते. उजनी धरणाचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तिथला गाळ वरून तडकलेला, कोरडा दिसतो आणि आत ओला असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि सॅकच्या ओझ्याने माणूस आणखी रुततो. अशा जागी पाण्याच्या पातळीप्रमाणे वाट खुंट्या मारून दाखवावी.

आता दगड. या मंदिरांच्या दर्शनी बांधणीत चुना जवळजवळ नसतो. खालच्या दगडावर उंचवटा, वरच्यात तेवढीच खोबण, अशी बैठक असते आणि वरच्या वजनाने सगळे जागी राहते. शिखर पडले की ते वजन जाते आणि खालचे थर सैल होतात. पडलेला दगड उलटा करून पाहावा : वरचा चेहरा कोरलेला, पाठ टाकीने (छिन्नीने) ओबडधोबड घडवलेली, आणि बुडाशी मुठीएवढी चौकोनी खोबण. तो कुठे बसत होता याचा निम्मा पुरावा त्या खोबणीत असतो. उरलेला निम्मा तो कुठे पडला त्या जागेत असतो. म्हणूनच ‘आवार स्वच्छ करा’ हा आदेश घातक आहे. ट्रॅक्टरला साखळी लावून दगड कडेला ओढले की त्यांच्या कडा तुटतात आणि जागेची खूण कायमची जाते. दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर जाड बेसाल्टची तुळई एक टनाहून जड भरते. ती पहारीने सरकवायची वस्तू नव्हे. तिला तिपाई, चेन-पुली, पट्टे आणि खाली लाकडी ठोकळे लागतात.

नोंद अशी व्हावी : दगड न हलवता शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, लांबी-रुंदी-जाडी, तळविन्यासावर जागा, कोरलेली बाजू कोणत्या दिशेला आहे ते, आणि मगच क्रमांक. क्रमांक न कोरलेल्या बाजूला, लहान अक्षरांत. त्याची प्रत ग्रामपंचायतीत राहावी. असे झाले तर वाट वाकडी करून आलेला प्रवासी निरुपद्रवी पाहुणा न राहता पहारेकरी होईल. त्याच्या फोटोत क्रमांक दिसतो, तारीख असते, आणि एखादी वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) किंवा द्वारशाखेचा (दाराच्या कोरीव चौकटीचा) तुकडा जागेवर नाही हे कळते. 1972 चा पुरावशेष (प्राचीन वस्तू) कायदा आहे, पण ज्याची नोंदच नाही त्याची चोरी सिद्ध कशी करणार? गुप्तधनाच्या नादाने गर्भगृहाची फरशी उखडणारे नेमक्या याच बिननोंदीच्या जागा निवडतात.

रंगाबद्दल लिहिताना जीव तुटतो. भाविकांची श्रद्धा खरी असते आणि डबा ऑइल पेंटचा असतो. ललाटबिंबावरच्या, म्हणजे दाराच्या माथ्यावर मधोमध कोरलेल्या, गणपतीवर तीन-चार थर चढले की आधी दागिन्यांचे मणी बुजतात, मग बोटे, मग सोंडेची वळी. आतला ओलावा थराखाली अडकतो, क्षार साचतात आणि पापुद्रा दगडाची कातडी घेऊन सुटतो. मग कोणी तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा करून ‘साफ’ करते आणि टाकीची धार जाते. रंग काढायचा तर रसायनतज्ज्ञांकडूनच : मऊ करणारा लेप, लाकडी पट्टी, नायलॉनचा ब्रश. सिमेंटचेही तेच. फट सिमेंटने बंद केली की पाणी मागून शिरते आणि भिंतीच्या पोटातला भराव धुपतो. तिथे चुनाच हवा. पिंपळ उपटायचा नसतो. मूळ ओढले की सोबत थर येतो. खोड कापून, मूळ मारून, वाळल्यावर फट भरावी लागते.

राज्याचा स्मारक कायदा 1960 चा आहे. त्यानुसार प्राथमिक अधिसूचना काढून, हरकती ऐकून स्मारक संरक्षित करता येते. नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलसारख्या ठिकाणी आपल्याच पुरातत्त्व संचालनालयाने संवर्धन करून दाखवले आहे. मनुष्यबळ कमी असेल तर पडक्या मंदिरांची नोंद तालुकावार घ्यावी, इतिहास आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना संचालनालयाच्या देखरेखीखाली सोबत घ्यावे. गवत वाळल्याशिवाय दगड दिसत नाहीत, म्हणून हे काम मार्गशीर्ष ते फाल्गुन एवढ्याच काळात नीट होते. त्यासाठीचा आदेश आणि मोजपट्ट्या, तिपाया, चेन-पुलीचा निधी दिवाळीच्या आधी तालुक्यांपर्यंत पोचावा, आणि तोपर्यंत कोणत्याही पडक्या मंदिराच्या आवारात ट्रॅक्टर किंवा जेसीबी जाणार नाही असे परिपत्रक आपण आजच काढावे.

आपले,
राज्यातील पडक्या मंदिरांच्या नोंदी ठेवणारे काही अभ्यासक