गव्याभोवतीची गर्दी आणि आमच्या शाळेतली वही : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून 19 मुलं. शाळेमागचा ओढा ओलांडला की अभयारण्याचं रान सुरू होतं. सकाळी परिपाठाला उभं राहण्याआधीच कुणीतरी पळत येऊन सांगतं, "बाई, आमच्या खोडव्यात राती गवं आल्तं!" आवाजात भीती असते, थोडी फुशारकीही असते. त्या आवाजाचं काय करायचं, या प्रश्नातून हे पत्र लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक गावात, प्राणी दिसल्यावर पहिल्या तासात काय करायचं हे शिकलेली पाच-सहा माणसं हवीत. ती त्याच गावची असावीत, आणि या कामाचं मानधन त्यांना वेळेवर मिळावं.

9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला, तो दिवस आपल्याला आठवत असेल. लोक मागे धावले, मोबाईल उंचावले गेले, गवा भिंतींवर आणि फाटकांवर आदळत राहिला. पकडल्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2021 मध्ये, गवे कोल्हापूर शहराच्या कडेला पंचगंगेच्या काठापर्यंत आले, आणि करवीर तालुक्यातल्या भुयेवाडीच्या शिवारात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. एकदा जनावर गेलं, एकदा माणूस. दोन्ही वेळा बघ्यांची गर्दी होतीच.

गवा मुळात लाजाळू. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, तरी माणसाचा वास आला की तोच आधी बाजूला होतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायचं, उन्हाच्या वेळी दाट सावलीत रवंथ करत बसायचं, असा त्याचा दिवस. वस्तीत येतो तो बहुतेकदा कळपाबाहेर पडलेला एकटा नर. त्याला परत जायला एक मोकळी बाजू लागते, आणि नेमकी तीच बाजू आपण माणसं उभी करून बुजवतो. मग तो पळतो. एवढं थोराड अंग तासन् तास पळालं की आतून तापतं, स्नायू निकामी होतात, शेवटी हृदय थांबतं. अशा दमलेल्या जनावराला बेशुद्धीचं इंजेक्शनही जिवावर बेतू शकतं. म्हणून तालुक्याहून पथक यायला लागतो तोच वेळ सगळ्यात महत्त्वाचा असतो. त्या वेळात "मागं सरा, वरची बाजू मोकळी सोडा" हे दरडावून सांगणारा माणूस गावचाच लागतो. कारण गर्दीतल्या प्रत्येकाला तो नावानं ओळखतो. परक्या माणसाच्या शिट्टीला आमच्याकडे कुणी भीक घालत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसांना मुक्या जनावराची माया नाही, असं कुणी म्हणू नये. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर नांदणी मठातली महादेवी हत्तीण गुजरातला गेली. त्या दिवशी नांदणीत म्हातारीकोतारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पुढे हजारो लोक नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पायी चालत आले. त्या वादात कोण बरोबर, हे मी इथे मांडत नाही. पण त्या चालणाऱ्या पायांमध्ये जे होतं ते खरं होतं. त्याच जिल्ह्यात, आजरा-चंदगडच्या बाजूला, कर्नाटकातून आलेले हत्ती गेली कित्येक वर्षं वावरत आहेत. तिथला शेतकरी सकाळी पाऊल उमटलेल्या जागी हात जोडतो, "गणपती येऊन गेला" म्हणतो, आणि रात्री डबे बडवत, सुतळी बॉम्ब फोडत त्याच गणपतीला उसातून हुसकावतो. तो दुटप्पी नाही. मठातल्या हत्तिणीच्या सवयी लोकांना ठाऊक होत्या, अंधारातून येणाऱ्या हत्तीच्या नाहीत. माया ओळखीच्या मागून येते, महोदय, आणि रानातल्या जनावराशी ओळख करून देणारं आमच्याकडे कुणी नाही.

राधानगरीचं हे रान कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं. 1958 साली तिथे दाजीपूरचं अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. 2012 मध्ये ते पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. तरीही कोल्हापुरातली किती मुलं वाघ पहिल्यांदा बघतात तो न्यू पॅलेसच्या संग्रहालयात, भुसा भरलेला! माझ्या शाळेतल्या मुलांनीही सहलीत तोच बघितला. परतताना एकानं विचारलं, "बाई, आपल्या डोंगरातला कुठं ठेवलाय?"

त्यानंतर आम्ही वही सुरू केली. साधी दोनशे पानी वही. ज्याला जे दिसेल ते त्यानं लिहायचं: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, ते काय करत होतं. शेकरूचं घरटं कुठल्या झाडावर आहे, धनेशाची जोडी कुठल्या उंबरावर येते, ओढ्याच्या चिखलात कुणाचे खूर उमटले. शुद्धलेखन तेवढं बघायचं नाही, असं मी ठरवलं.

दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा चौथीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं की समोरचा डोंगर पेटला की दोन-चार दिवसांत गवे खाली उतरतात. नवं गवत चांगलं फुटावं म्हणून आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर पेटवतात. जुनं गवत जळतं, आणि मोकळ्या जागेवर रानमोडी आणि घाणेरी ही तणं आधी हातपाय पसरतात. गवा त्यांना तोंड लावत नाही. वर खायला उरलं नाही की तो उसाकडे येतो, हे पोरांना वहीतून कळलं. मग ती घरी जाऊन आजोबांना विचारू लागली, "आज्ज्या, डोंगूर का पेटीवतासा?" यंदा शाळेसमोरची उतरण पेटली नाही. दोन आजोबांनी रात्री जागून ती राखली. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

आता कडू भाग. माझ्या चुलत सासऱ्यांचा 20 गुंठे ऊस गव्यांनी एका रात्रीत लोळवला. पंचनामा, सातबारा, फोटो, अर्ज, सगळं झालं. आबा दोन कार्यालयांत मिळून सात खेपा घालून आले. शेवटी आलेल्या पैशात पुढच्या लावणीचं बियाणंही बसलं नाही. पुढच्या हंगामात त्यांनी बांधावरच्या तारेत करंट सोडायचा विषय काढला. घरातल्या बायकांनी हातापाया पडून तो थांबवला. आबा वाईट माणूस नाहीत, बेंदराला बैलाच्या आधी जेवत नाहीत. अशा माणसाला तारेपर्यंत नेतो तो उशीर आपल्या खात्याच्या हातातला आहे.

काही लोक म्हणतील, खेड्यातल्या माणसांकडून हे होणार नाही. रत्नागिरीच्या वेळासला जाऊन यावं. कासवांची अंडी जिथून चोरीला जायची, तिथे 2002 पासून गावकरीच घरटी राखतात, पिल्लं समुद्रात सोडतात, आणि ती बघायला येणाऱ्यांना आपल्याच घरात उतरवून जेवू घालतात. आपल्याच जिल्ह्यात चंदगडच्या ढोलगरवाडीत एका शाळेनं सापांची ओळख करून द्यायला सुरुवात केली, त्यालाही कित्येक दशकं झाली. तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी विषारी आणि बिनविषारी साप ओळखायला शिकून घेतलं. नागपंचमीला पूजा होते तशी ओळखही होते, हे तिथे मला फार मोलाचं वाटलं.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. मी एका गावची पाहिली. कपाटात होती, छान बांधलेली, बाहेरच्या कुणीतरी टाईप केलेली. ती गावातल्या एकाही गुराख्यानं उघडलेली नव्हती. ही नोंदवही शाळांकडे आणि गुराख्यांकडे द्या. आमच्या वाडीवर गायीगुरं घेऊन रोज डोंगरात जाणारे एक मामा आहेत. कुठल्या झऱ्याला मे महिन्यात पाणी असतं हे त्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं कागदावर आली, चांगलं झालं. तिथली पहिली नेमणूक अशा मामांची करा.

पावसाळ्यानंतर अभयारण्य पुन्हा उघडलं की एकदा या बाजूला या. गाड्यांचा ताफा फाट्यावरच थांबवावा लागेल, शेवटचा पाऊण किलोमीटर पायवाट आहे. मुलं आपल्याला ओढ्यातले खूर दाखवतील.

वहीच्या पहिल्या चाळीस पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. बोलीतले शब्द मी सुधारलेले नाहीत. ते तसेच वाचावेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर